साडेचार लाखांच्या कोटेशनवर सही करण्याआधी

पत्र:

«आमची संस्था बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करते. आईवडील कारखान्याला गेले तरी मुलांची शाळा सुटू नये म्हणून गावातल्या हंगामी वसतिगृहांना आम्ही मदत करतो. जी मुलं आईवडिलांबरोबर जातात, त्यांचा माग ठेवतो. आम्ही सगळे मिळून चौदा जण. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीच्या स्वयंसेवकांनी आम्हाला अ‍ॅप करून दिलं. ते इंग्रजीत होतं, रेंज नसली की उघडायचं नाही, आणि ज्या मुलाने केलं तो नोकरी बदलून गेला. पासवर्ड त्याच्याकडेच राहिला. आता पुन्हा वह्या, एक्सेल आणि व्हॉट्सअ‍ॅप. देणगीदाराला डॅशबोर्ड हवाय. एका आयटी फर्मने ‘संपूर्ण डिजिटल सोल्यूशन’चं साडेचार लाखांचं कोटेशन दिलंय. दुसऱ्या एका देणगीदार संस्थेतल्या मॅडम म्हणतात, संस्थांना तंत्रज्ञानात मदत करणारी नेटवर्कं असतात, त्यांत जा. आमचे संस्थापक भाऊ म्हणतात, ‘आपलं काम माणसांशी. मीटिंगांना कोण बसणार?’ त्यात दरवर्षी ३१ मेच्या आधी ८०जीची, म्हणजे प्राप्तिकरात सवलत मिळणाऱ्या देणगीदारांची, यादी जुळवताना रात्री जागाव्या लागतात, ते वेगळंच. या नेटवर्कांचा खरंच उपयोग होतो का? आणि त्यांच्याकडे नेमकं मागायचं काय?»
– एक कार्यकर्ती

ताई,

कोटेशनवर सही करू नका. निदान या महिन्यात तरी नाही. फर्म वाईट असेल असं मला म्हणायचं नाही. पण पहिलं अ‍ॅप का पडलं याची तीन कारणं तुम्हीच लिहिली आहेत: भाषा, रेंज आणि निघून गेलेला मुलगा. नव्या कोटेशनमध्ये या तिन्हींबद्दल एखादी ओळ तरी आहे का, तेवढं बघा. मला वाटतं, नसेल. ‘युजर फ्रेंडली’ मात्र चार ठिकाणी असेल.

त्या मुलालाही लगेच फोन लावा. रागावून नको, गोड बोलून. त्याच्याकडून तीन गोष्टी हव्यात: अ‍ॅपमधल्या मुलांच्या नोंदी एक्सेलमध्ये, सर्व्हरचा आणि डोमेनचा पासवर्ड, आणि हे सगळं कुणाच्या ईमेलवर नोंदवलंय त्याची माहिती. बहुधा त्याच्या खासगी ईमेलवरच असेल. सर्व्हरचं भाडं थकलं की काही दिवसांत तिथला डेटा पुसला जाऊ शकतो. त्यात तुमच्या मुलांची नावं आहेत.

आता नेटवर्कांकडे येऊ.

कल्पना जुनी आहे. सॅन फ्रान्सिस्कोत १९८७ साली डॅनियल बेन-होरिन यांनी ‘कॉम्प्युमेंटर’ नावाचा उद्योग सुरू केला. संगणक कळणाऱ्या माणसांची सामाजिक संस्थांशी गाठ घालून द्यायची, एवढंच काम. आज जगभर संस्थांना सवलतीत सॉफ्टवेअर मिळवून देणारी ‘टेकसूप’ यातूनच उभी राहिली. नव्वदच्या दशकात तिकडे आणखी एक पद्धत रुजली. एकच तंत्रज्ञ अनेक छोट्या संस्थांमध्ये आळीपाळीने फिरायचा, आणि त्याचा पगार एखादं फाउंडेशन द्यायचं. एकेकट्या संस्थेला असा माणूस परवडत नव्हता, सगळ्यांना मिळून परवडला. या फिरत्या मंडळींच्या भेटीगाठींना आणि त्या चळवळीला धरून २००० साली ‘एनटेन’ ही संघटना झाली. मजेची गोष्ट अशी की या फिरत्या तंत्रज्ञांना सर्वांत उपयोग झाला तो एकमेकांचा. एका संस्थेत अडलेलं कोडं दुसऱ्याने आधीच सोडवलेलं असायचं.

आपल्याकडे या धर्तीवर नाव घ्यावं असं काम ‘प्रोजेक्ट टेकफॉरडेव्ह’चं आहे. डोनाल्ड लोबो हे याहूच्या सुरुवातीच्या अभियंत्यांपैकी एक. संस्थांसाठीच्या ‘सिव्हीसीआरएम’ या मुक्तस्रोत (कुणालाही उघडून बदलता येणाऱ्या) सॉफ्टवेअरच्या संस्थापकांमध्येही ते आहेत. त्यांनी हे काम भारतात उभं केलं. व्हॉट्सअ‍ॅपवरून लोकांशी दुतर्फा बोलण्यासाठीचं ‘ग्लिफिक’ त्यांचंच. शिवाय एक अनुभवी तंत्रज्ञ अनेक संस्थांना थोडा थोडा वेळ देतो, अशी सोयही ते करतात. म्हणजे तीच फिरतीची पद्धत, फक्त प्रवासाऐवजी झूम. समन्वय फाउंडेशनचं ‘अवनी’ हे मुक्तस्रोत अ‍ॅप तर तुमच्यासारख्या क्षेत्रकामासाठीच आहे: रेंज नसताना नोंद होते, आणि मराठीतही चालतं. ‘कोबो टूलबॉक्स’ त्याहून साधं, नुसते फॉर्म भरून घेण्यापुरतं. तेही ऑफलाइन, प्रश्न मराठीत लिहिता येतात, आणि छोट्या संस्थेला फुकटच्या मर्यादेत बऱ्याचदा भागतं.

म्हणजे ज्या गोष्टीसाठी साडेचार लाख मागितले जाताहेत, त्यातली बरीचशी आधीच तयार आहे. पण मुक्तस्रोत म्हणजे फुकट, असा हिशेब धरू नका. सर्व्हरचे पैसे पडतात, व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजचे पडतात, बसवून देणाऱ्याच्या वेळेचे पडतात. फायदा वेगळा आहे: बनवणारा उद्या निघून गेला तरी दुसऱ्याला ते उघडून दुरुस्त करता येतं. तुमची अडचण नेमकी तिथेच झाली होती.

नेटवर्क या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि त्यांची गल्लत झाली की भाऊंसारखी माणसं वैतागतात. काही दारं नुसती सवलतीची असतात. टेकसूप तशी, गूगलची संस्थांसाठीची योजना तशी. कागदपत्रं द्यायची, पडताळणी झाली की संस्थेच्या नावाने ईमेल आणि ड्राइव्ह मिळतं. हे जरूर घ्या, त्यासाठी कुठल्या मीटिंगला बसावं लागत नाही. पुढच्या वेळी निदान पासवर्ड संस्थेच्या ईमेलवर राहील.

काही नेटवर्कं स्वयंसेवक देतात. टाटा समूहाचं ‘प्रोएंगेज’ या प्रकारातलं. तिथे कर्मचारी आठवड्यातले काही तास, काही महिने एखाद्या संस्थेला देतात. पुणे-मुंबईत फॉस युनायटेडसारखी मुक्तस्रोतवाल्यांची मंडळं आहेत, तिथली तरुण मुलं मनापासून मदत करतात. यांच्याबद्दल पुढे बोलते, कारण तुमचे हात एकदा इथेच पोळले आहेत.

आणि तिसरी, जी सर्वांत कमी चमकदार आणि माझ्या मते सर्वांत कामाची: तुमच्याच आकाराची, तुमच्याच अडचणीची, पण तुमच्या दोन पावलं पुढे असलेली दुसरी संस्था. नेटवर्कात जायचं ते हिला शोधायला. पुण्यातला आयटीवाला हुशार असेल, पण नोव्हेंबरात अर्धं गाव रिकामं होतं, मुलाचा फोन नंबर वडिलांबरोबर साखर कारखान्याच्या फडावर जातो आणि मार्चनंतर तोच नंबर बंद लागतो, हे त्याला समजावण्यातच पहिला महिना जातो. ज्या संस्थेने हे भोगलंय तिला ते एका वाक्यात कळतं. तुमची मुलं सांगली, कोल्हापूर, सातारा, कर्नाटकात जातात. तिकडे फडावरच्या मुलांची शाळा चालवणारे लोक आहेत. त्यांच्याकडे अर्धी यादी आणि तुमच्याकडे अर्धी. या दोन अर्ध्या याद्या जुळणं कुठल्याही डॅशबोर्डपेक्षा मोठं काम आहे, आणि सॉफ्टवेअरशिवायही ते सुरू करता येतं.

त्यासाठी एक गोष्ट आधी घरी करा. मुलांची ओळख नावावर ठेवू नका. इंग्रजीत ज्ञानेश्वर लिहायचे निदान चार प्रकार आहेत, आणि तुमच्या तीन वह्यांत त्यातले तीन सापडतील याची मी पैज लावते. शाळेकडे प्रत्येक मुलाचा ‘सरल’ या राज्याच्या विद्यार्थी-नोंदणीतला आयडी असतो, ‘यू-डायस प्लस’ या केंद्राच्या नोंदणीतला पेन (कायमचा विद्यार्थी) क्रमांक असतो. मुख्याध्यापकांकडून तो घ्या आणि तोच तुमचा खुंटा. आधार क्रमांक त्या कामासाठी गोळा करू नका. गरज नाही आणि नसती जबाबदारी. स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धत आपल्या राज्यात आहेच. ते कार्ड घेऊन जाणाऱ्या मुलाच्या नोंदीत हा क्रमांक असला की तिकडची शाळा आणि इकडची शाळा एकाच मुलाबद्दल बोलतात. फर्मला हे आधी सांगितलं नसतं तर तिने तुमच्या चुकीच्या नावांचा सुंदर रंगीत आलेख करून दिला असता.

आता काय मागायचं. बहुतेक संस्था जाऊन म्हणतात, ‘आम्हाला डिजिटल व्हायचंय, मदत करा.’ यावर समोरचा एक तर प्रेझेंटेशन दाखवतो, नाही तर अ‍ॅप बनवायला घेतो. तुम्ही एका पानावर एवढंच लिहा, मराठीतच: ‘आमच्या वसतिगृहांत किती मुलं आली, किती मध्येच आईवडिलांकडे गेली आणि परतल्यावर किती पुन्हा शाळेत बसली, हे आम्हाला दर पंधरा दिवसांनी कळत नाही. माहिती पाच पर्यवेक्षक वहीत लिहितात. त्यांच्याकडे साधे अँड्रॉइड फोन आहेत, रेंज संध्याकाळी येते. ही अडचण तुमच्याकडे होती का? तुम्ही काय केलंत, आणि काय करून सोडून दिलंत?’ पर्यवेक्षकांचा आकडा तुमचा घाला. शेवटचा प्रश्न गाळू नका. संस्था आपल्या यशाच्या गोष्टी वार्षिक अहवालात छापतात. सोडून दिलेल्या गोष्टी मात्र कुणी खासगीत विचारल्याशिवाय सांगत नाही.

नेटवर्क कसं आहे हे जोखायला तुमच्या ३१ मेच्या यादीचा प्रश्न उत्तम. २०२१-२२पासून ८०जी असलेल्या प्रत्येक संस्थेला देणगीदारांचं विवरण दरवर्षी भरावं लागतं. उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये. म्हणजे या कामाने हैराण झालेल्या तुम्ही एकट्या नाही. कुठल्याही जिवंत गटात हा प्रश्न टाकलात तर एका संध्याकाळी कुणीतरी आपली एक्सेलची तयार फाइल पाठवेल आणि वर सांगेल की देणगी घेतानाच पॅन, पत्ता आणि पावती क्रमांक एका ओळीत लिहीत जा, मेमध्ये शोधू नका. टॅलीवर बसणाऱ्या तुमच्या हिशेबनीसालाही हे पटेल. ज्या गटात आठवडाभर उत्तर येत नाही आणि उलट तुम्हाला एखाद्या वेबिनारची लिंक येते, तिथे वेळ घालवू नका.

स्वयंसेवकांचं बोलायचं राहिलं. ते वाईट नसतात, पण त्यांचा वेळ संपणारा असतो हे पहिल्या दिवशीच गृहीत धरायला हवं. म्हणून त्यांच्याकडून नवीन काही बनवून घेऊ नका, असलेलं बसवून घ्या. खातं संस्थेच्या ईमेलवर उघडायचं, पासवर्ड भाऊंच्या कपाटात बंद पाकिटात, आणि प्रत्येक बैठकीला तुमच्यापैकी एक जण शेजारी बसलेला. शेवटच्या दोन बैठकांत माउस तुमच्या माणसाच्या हातात, स्वयंसेवकाने नुसतं बघायचं. ‘हे कसं करायचं’ याची दोन पानं तुमच्याच माणसाने मराठीत लिहायची, स्वयंसेवकाने नव्हे. त्याने लिहिली तर ती इंग्रजीत असतील आणि कुणी उघडणार नाही.

तो ‘तुमच्यापैकी एक’ कोण, हेही ठरवा. संगणकाची पदवी असलेला माणूस शोधू नका, मिळणार नाही आणि मिळाला तर टिकणार नाही. पर्यवेक्षकांमध्ये एखादी मुलगी असेलच, एमएस-सीआयटी केलेली, जिच्याकडे सगळे फोन घेऊन जातात. तिला आठवड्यातले चार तास अधिकृतपणे द्या आणि तेवढं तिचं गावभेटीचं काम कमी करा. कमी केलं नाही तर चार तास कागदावरच राहतील. आणि ती एकटी नको. तिच्या हाताखाली दुसरं कुणीतरी शिकत राहू दे. लग्न होऊन ती सासरी गेली तर? हा प्रश्न आपल्याकडे विचारावाच लागतो.

एका गोष्टीत मात्र सैल राहू नका. तुमच्याकडे अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती आहे. २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले आहेत, ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, आणि त्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. कायदा बाजूला ठेवला तरी साधी गोष्ट आहे: कुठल्या मुलाचे आईवडील सहा महिने गावात नाहीत, ही यादी चुकीच्या हातात पडायला नको. स्वयंसेवकाला, फर्मला, नेटवर्कातल्या कुणालाही दाखवायला खोट्या नावांच्या वीस ओळींची एक फाइल करून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुलांचे फोटो नावांसकट टाकणंही आजपासून बंद.

पैशांबद्दल देणगीदाराशी बोलावं लागेल. अ‍ॅप बनवायला पैसे मिळतात, ते चालवणाऱ्या मुलीच्या चार तासांना मिळत नाहीत, हा आपल्याकडचा नेहमीचा रोग. सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी, देणाऱ्या कंपनीचे लोक बऱ्याचदा सांगतात, ‘सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांवर चालत नाही.’ ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चावर आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांचा थेट खर्च नियमांत त्यातून वगळला आहे. मुलांच्या नोंदी ठेवणं ही देखरेखच आहे, तेव्हा बजेटमध्ये ते तसंच, प्रकल्पाच्या ओळीत लिहा. परदेशी निधीची गोष्ट वेगळी. तिथे २०२०च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्च पन्नासवरून वीस टक्क्यांवर आणला, आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला तो निधी पुढे देणंही बंद केलं. म्हणून नेटवर्कातल्या मोठ्या संस्था तुम्हाला परदेशी निधीतून पैसे देऊ शकणार नाहीत, वेळ आणि अनुभव देऊ शकतील. पैशांच्या अपेक्षेने गेलात तर निराश व्हाल.

आणि ज्यांना डॅशबोर्ड हवाय, त्यांना विचारा की तो बघून ते कोणता निर्णय घेणार आहेत. विचारायला अवघड वाटतं, पण दुसऱ्या देणगीदार संस्थेतल्या त्या मॅडम समजूतदार दिसतात, त्यांच्या तोंडून विचारून घ्या. बऱ्याचदा उत्तर येतं की तिमाहीला चार आकडे मिळाले तरी पुरे.

भाऊंचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. निम्म्या मीटिंगा खरंच वाया जातात, त्यात त्या इंग्रजीत चालतात आणि बीडचा माणूस कॅमेरा बंद करून ऐकत बसतो. त्यांना नेटवर्कात ओढू नका. त्यांना एकच काम सांगा, जे ते सर्वांत चांगलं करतात: ओळखी काढणं. अंबाजोगाईला, केजला, शेजारच्या अहिल्यानगर किंवा धाराशिव जिल्ह्यात ज्या चार-पाच संस्थांना ते वर्षानुवर्षं ओळखतात, त्यांना एका दुपारी जेवायला बोलवायचं. प्रत्येकीने आपली वही आणि आपला तो हुशार पोरगा किंवा पोरगी घेऊन यायचं. मोठ्या नेटवर्कातून मिळालेलं काही उपयोगी असेल तर ते इथे उतरवायचं, आणि एकच तंत्रज्ञ पाच जणींत मिळून ठेवता येईल का ते याच बैठकीत बोलायचं. पाच संस्थांनी मिळून मागितलं तर देणगीदार ऐकतो. फर्मसुद्धा साडेचार लाखांवरून बरीच खाली येते.

वेळेचं गणित तुमच्या हंगामाने घाला. एप्रिलमध्ये माणसं परततात. तोपर्यंत जुन्या अ‍ॅपमधला डेटा हातात आलेला हवा. मे देणगीदारांच्या यादीत जाईल. जूनमध्ये शाळा उघडल्या की मुख्याध्यापकांकडून क्रमांक घ्या, जुलै-ऑगस्टमध्ये कोबो किंवा अवनी दोनच वसतिगृहांच्या गावांत बसवून बघा, दोनाहून जास्त नको. सप्टेंबरात पर्यवेक्षकांना विचारा की वही सोडायला तयार आहेत का. ‘नाही’ म्हणाले तर या हंगामाला वही चालू ठेवा आणि नोंदी आठवड्यातून एकदा त्या मुलीने फोनवर भरू दे. त्यातही काही बिघडत नाही. दसऱ्यानंतर मुकादमांचे ट्रक लागायला लागले की कुठलंही नवीन सॉफ्टवेअर, कुठलंही वेबिनार आणि कुठलाही स्वयंसेवक जानेवारीपर्यंत दारात उभा करू नका.